बाज्यात नसलेला सूर

'शोले' चित्रपट १९७५ साली आला. तो कोणीच पाहिला नाही, असे घर आपल्या वस्त्यांतून शोधूनही सापडायचे नाही. गब्बरसिंगचे संवाद शेंबड्या पोरालाही पाठ असतात. परंतु त्याच चित्रपटात संध्याकाळच्या वेळी जय एकटाच बसून माऊथ ऑर्गन वाजवतो आणि तिकडे ठाकूरची विधवा सून एकेक दिवा मालवत जाते, तेव्हा दंगा करणारी पोरेही गप्प बसतात. पडद्यावर बाजा अमिताभ बच्चन यांच्या ओठांना लागलेला दिसतो. प्रत्यक्षात तो वाजवला होता भानू गुप्ता यांनी. त्याच्याही आधी, १९६४ साली, 'दोस्ती' आला होता. त्यातला पायाने अधू असलेला मुलगा माऊथ ऑर्गन वाजवतो आणि त्याचा आंधळा मित्र गातो. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. पण तो बाजा वाजवला होता राहुल देव बर्मन यांनी. एवढी मोठी माणसे ज्या वाद्याला तोंड लावतात, ते वाद्य शर्टाच्या खिशात मावते!

वाचकहो, हे गरिबाचे वाद्य आहे. पेटी घ्यायची तर घरात पैसा हवा आणि ठेवायला जागा हवी. तबला-डग्गा घ्यायचा तर शिकवणारा हवा. माऊथ ऑर्गनला यातले काही लागत नाही. म्हणूनच आमच्या सुप्यातली पोरे जत्रेतून, बाजारातून बाजा घेऊन येतात. आठ दिवस घरात कोणाला झोपू देत नाहीत, आणि नवव्या दिवशी तो बाजा कोनाड्यात जाऊन पडतो. विचारले की उत्तर ठरलेले, "त्यात सगळे सूरच नाहीत," किंवा "आपल्याला नाही जमायचं." यातले पहिले उत्तर बरोबर आहे. दुसरे साफ चूक आहे. आजच्या सदरात आम्ही या दोन उत्तरांविषयीच बोलणार आहोत.

आधी सूर कुठे आहेत आणि कुठे नाहीत, ते पाहू. दहा छिद्रांचा साधा बाजा घ्या. पट्टी पांढरी एक. प्रत्येक छिद्राला दोन सूर असतात. एक फुंकल्यावर येतो, दुसरा श्वास आत ओढल्यावर. चौथ्या छिद्रापासून सातव्यापर्यंत सगळे सप्तक सरळ मिळते. चौथे फुंकले की सा, ओढले की रे. पाचवे फुंकले की ग, ओढले की म. सहावे फुंकले की प, ओढले की ध. सातव्याला मात्र क्रम उलटतो. ओढले की नी आणि फुंकले की वरचा सा. इथपर्यंत पोरे चार दिवसांत पोचतात. मग गाणे खालच्या सप्तकात उतरते आणि गाडी अडते. पहिल्या तीन छिद्रांत सा, रे, ग, प, नी आहेत. म नाही आणि ध नाही. आम्ही पडलो कारकून. सातापैकी दोन रकमा जमेला नाहीत म्हटल्यावर आमचे लक्ष तिथेच जाणार.

हे कारखान्याच्या नजरचुकीने झालेले नाही. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी माथियस होनर या घड्याळजीने १८५७ साली माऊथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच्या कारखान्यातले बाजे जहाजे भरभरून अमेरिकेला गेले. दहा छिद्रांचा 'मरीन बँड' नावाचा त्यांचा बाजा १८९६ पासून आजतागायत बनतो आहे. तिकडच्या लोकांना नाचगाण्याच्या चाली वाजवायच्या होत्या आणि त्या चालींना खालून भरदार साथ हवी होती. दोन-तीन छिद्रे एकदम फुंकली तरी कानाला गोड लागावे, म्हणून खालच्या बाजूला म आणि ध वगळून प दोनदा बसवला. बाजा बनवणाऱ्यांनी आपल्या गाण्यांचा विचार करून बाजा बनवला, त्यात गैर काहीच नाही. पण ज्यांची गाणी वेगळी होती, त्यांनी काय करायचे?

ते करून दाखवले अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काळ्या माणसांनी. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण कापसाचे रान तेच होते आणि मालकही तेच होते. या मजुरांच्या गाण्यात सूर सरळ उभा राहत नसे. तो घसरत येई, कण्हत येई, दोन सुरांच्या मधे कुठेतरी थांबे. थोड्या पैशात मिळणाऱ्या त्या जर्मन बाज्यात असा सूर कोणी घातलेलाच नव्हता. त्यांनी तो तोंडाने काढला. श्वास ओढता ओढता तोंडातली जागा बदलली की सूर खाली वाकतो, हे त्यांनी जाणले आणि त्यावर 'ब्लूज' नावाच्या संगीतातली एक अख्खी वादनशैली उभी केली. वाद्य कारखान्याचे, पण हा सूर मजुरांचा!

यातल्या एका माणसाची माहिती आमच्या वाचकांनी जरूर ठेवावी. डीफोर्ड बेली यांचा जन्म १८९९ साली टेनेसी राज्यात झाला. आजोबा गुलामगिरीतून सुटलेले. बेली तीन वर्षांचे असताना त्यांना पोलिओ झाला आणि वर्षभर ते अंथरुणाला खिळून राहिले. हातात होता तो माऊथ ऑर्गन. बाहेरून ऐकू येणारी आगगाडी, शिकारी कुत्र्यांचे भुंकणे, कोंबड्यांचा कलकलाट, हे सगळे ते बाज्यावर काढायला शिकले. पुढे नॅशव्हिलच्या रेडिओवर 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम गाजला, त्याचे ते पहिले काळे कलावंत ठरले. १९२७ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या 'पॅन अमेरिकन ब्लूज'मध्ये धावती आगगाडी ऐकू येते. श्रोत्यांना त्यांचा बाजा हवा होता. परंतु दौऱ्यावर गेल्यावर हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे आणि खाणावळीत ताट मिळत नसे. कारण त्यांचा रंग. हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९४१ साली त्यांना कार्यक्रमातून काढण्यात आले. त्यानंतर त्यांनी बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ साली ते वारले आणि २००५ साली त्यांचे नाव 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम' या मानाच्या यादीत घेण्यात आले. मान उशिरा मिळाला. सूर मात्र लहानपणी खाटेवर पडल्या पडल्याच हाती आला होता.

आता हा सूर वाकतो कसा, ते पाहू. बाज्याच्या प्रत्येक छिद्राच्या आत पितळेच्या दोन बारीक पट्ट्या असतात. एक फुंकल्यावर थरथरते, दुसरी ओढल्यावर. नेहमी एका वेळी एकच बोलते. पण श्वास ओढताना तोंडातली पोकळी विशिष्ट आकाराची केली की दुसरी पट्टीही हलू लागते. मग दोघींच्या ओढाताणीत वरचा सूर खाली सरकतो आणि खालच्या सुराच्या जरा अलीकडे येऊन थांबतो. म्हणून पहिल्या सहा छिद्रांत ओढलेला सूर वाकतो, तर आठव्या, नवव्या, दहाव्यात फुंकलेला. वरची छिद्रे फार पुढची गोष्ट. नव्या माणसाने तिकडे जाऊ नये.

कोणते छिद्र किती वाकेल, याचा हिशेब पेटीवर सरळ मांडता येतो. एखाद्या छिद्राचे दोन्ही सूर पेटीवर दाबा आणि त्यांच्या मधे किती पट्ट्या उरतात ते मोजा. तितके सूर त्या छिद्रात लपलेले आहेत. चौथ्या छिद्रात पांढरी एक आणि पांढरी दोन; मधे काळी एक, म्हणजे एक सूर. दुसऱ्या छिद्रात पांढरी तीन आणि पांढरी पाच. मधे पांढरी चार आणि काळी तीन, म्हणजे दोन सूर. त्यातली पांढरी चार हाच तो हरवलेला म! तिसऱ्या छिद्रात पांढरी पाच आणि पांढरी सात. मधे काळी चार, पांढरी सहा आणि काळी पाच, असे तीन सूर. त्यातली पांढरी सहा म्हणजे हरवलेला ध. पाचव्या छिद्रात मात्र पांढरी तीन आणि पांढरी चार या शेजारी-शेजारी आहेत, मधे जागाच नाही. म्हणून तिथे कोणी कितीही धडपड केली तरी पुरा सूर निघायचा नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पहिली पायरी एकच छिद्र वाजवण्याची. शीळ घालताना ओठ जसे गोल होतात तसे करा, आणि बाजा ओठांच्या आतल्या ओल्या भागापर्यंत घ्या. दुसरी पायरी श्वासाची. तो गालांनी चोखायचा नाही, पोटातून सावकाश ओढायचा. तिसरी पायरी नाकाची. वाजवता वाजवता दोन बोटांनी नाक दाबून पाहा. आवाज बदलला तर हवा नाकातून गळते आहे असे समजावे; हे गळणे थांबल्याशिवाय सूर वाकणार नाही. चौथी पायरी जिभेची, आणि सगळी मेख इथेच आहे. चौथे छिद्र ओढता ओढता तोंडात मुक्याने आधी 'ई' म्हणा आणि मग 'ऊ' म्हणा. जिभेची कमान पुढून मागे जाते. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला जिथे टेकतो, तिथवर ती कमान न्यायची. मात्र टेकवायची नाही, बारीक फट ठेवायची. हे समजत नसेल तर बाजा बाजूला ठेवा. श्वास आत घेत शीळ घाला आणि ती उंचावरून खाली आणा. जीभ जे करते, तेच बाज्यावर करायचे आहे.

पहिल्या दिवशी काय होईल? काही होणार नाही. आठवडाभरानंतर सूर गुदमरल्यासारखा होईल, कधी एकदम बंद पडेल. खराब झाले असे वाटते, पण ती चांगली खूण आहे. जीभ योग्य जागेच्या आसपास पोचली आहे. त्यानंतर केव्हातरी क्षणभर सूर खाली घसरेल आणि पुन्हा सापडणार नाही. मग दोनदा सापडेल. मग तो वाकवून तिथेच धरून ठेवायचा, पेटीच्या काळी एकशी जुळवायचा, आणि सावकाश परत वर सोडायचा. पेटी नसेल तर सूर दाखवणारी सोय आता मोबाईलवर फुकट मिळते. दुसरे आणि तिसरे छिद्र चौथ्यानंतर घ्यावे, कारण खालच्या सुरांना तोंडात जास्त पोकळी लागते. दुसरे छिद्र तर नव्या माणसाला साधेसुद्धा वाजत नाही, नुसता फसफस आवाज येतो. बाजाच खोटा निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाणारे आम्ही पाहिले आहेत. बाजा बहुधा चांगलाच असतो. तोंडाचा आकार अजून बसलेला नसतो.

सुप्यात रविवारी सकाळी वस्तीतल्या सात-आठ मुलामुलींना घेऊन आम्ही बसतो. त्यांच्यात अंगाने दणकट असा एक मुलगा होता. सूर वाकेना म्हणून त्याने जोर लावला. छातीभर श्वास घेऊन तो असा ओढी की डोळे तांबडे होत. तिसऱ्या आठवड्यात चौथ्या छिद्रातली पट्टी बेसूर झाली आणि नंतर तुटली. पितळ ते, जास्त ताण दिला की थकते आणि चिरते. सोणाच्या वीणेची गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही आणि सैल सोडली तरी नाही, असे तथागतांनी त्याला पटवून दिले होते. इथे खुंटी पिळायची सोय नाही, एवढाच फरक. ताण किती ठेवायचा ते जिभेनेच शिकायचे आहे.

त्याच वर्गात सातवीतली एक मुलगी आहे. तिची अडचण निराळी होती. वडील बारामतीच्या एमआयडीसीत रात्रपाळीला आणि घर दोन खोल्यांचे. दिवसा वडील झोपलेले, संध्याकाळी भाकरी आणि भांडी तिच्याकडे. त्यात बाज्याचा आवाज म्हणजे, तिच्या आईच्या शब्दांत, "मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यागत!" शेवटी आई एक दिवस आमच्याकडे आली. "भाऊ, तिला दुसरं काहीतरी शिकवा. ह्यांना झोप न्हाई आणि हिला गाणंबी येत न्हाई."

आम्ही त्या रविवारी घरी गेलो. वडील उठून चहा घेत होते. त्यांना एकच प्रश्न विचारला, "दादा, कंपनीत नवा पोरगा भरती झाला तर त्याच्या हातात मशीन किती दिवसांनी देता?" ते म्हणाले, "सहा महिने नुसता उभा राहून बघतो. मग हळूहळू देतो. पहिले जॉब वायाच जात्यात." "तेव्हा त्याला हाकलून देता का?" ते हसले. म्हणाले, "हिला किती दिवस पायजेत?" आम्ही सहा-सात आठवडे मागितले. त्यांनी तिला दोन वेळा ठरवून दिल्या. सकाळी ते कामावरून येण्यापूर्वी दहा मिनिटे, आणि दुपारी माळावर शेळ्या नेल्यावर हवे तेवढे. आमचा भाग कोरडा, माळ मोकळा. शेळ्यांनी अजून कोणाच्या वाजवण्याबद्दल तक्रार केलेली नाही. सातव्या आठवड्यात तिचा चौथ्या छिद्रातला सूर वाकला. दहाव्या आठवड्यात तिसऱ्यातला एक सूर आला. बाकीचे अजून यायचे आहेत.

एवढ्या खटाटोपाने मिळते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तिसऱ्या छिद्रात आहे. पांढरी एकचा बाजा पांढरी पाच धरून वाजवा, म्हणजे दुसरे छिद्र ओढून सा माना. आता तिसरे छिद्र ओढले की शुद्ध ग, थोडे वाकवले की कोमल ग, आणखी वाकवले की रे. चौथे फुंकून म, ओढून प. पाचवे फुंकून ध, ओढून कोमल नी. सहावे फुंकून वरचा सा. हे काफीचे स्वर झाले! आपल्याकडची कितीतरी लोकगीते या स्वरांवर उभी आहेत. यातले रे आणि कोमल ग सूर वाकवल्याशिवाय मिळत नाहीत. कापसाच्या रानातल्या माणसांनी बाजा असाच उलटा धरून, फुंकण्यापेक्षा ओढण्यावर भर देऊन, आपले संगीत त्यातून काढले होते. आणखी एक गंमत अशी, की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे पेटीला जमत नाही. त्याच कारणाने आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षे टिकली. पेटीला न जमणारे ते काम हा खिशातला बाजा थोडे का होईना करून दाखवतो.

विकत घेताना काळजी घ्यावी. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात बहुधा दोन ओळींत भोके असलेला, चोवीस भोकांचा लांब बाजा मिळतो. त्याचा आवाज गोड थरथरतो, पण त्यात एका भोकात एकच पट्टी असते. त्यामुळे आम्ही सांगितले तसा सूर त्यावर वाकत नाही. बाजूला बटण असलेल्या बाज्यात सगळे कोमल-तीव्र सूर असतात, परंतु तो महाग पडतो. आपल्याला हवा तो दहा छिद्रांचा, एका ओळीचा, 'सी' पट्टीचा. चिनी बनावटीचा काहीशे रुपयांत मिळतो. शिकायला तो पुरतो; मात्र फारच हलका घेतला तर हवा गळते आणि शिकणाऱ्याचा हिरमोड होतो. एकाचा बाजा दुसऱ्याने तोंडाला लावू नये. सर्दी-खोकल्यापासून क्षयापर्यंत जे काही पसरू शकते त्याला आमंत्रण कशाला? वाजवण्यापूर्वी चूळ भरावी. तंबाखू, मिश्री किंवा गुटखा तोंडात असताना बाजा हातातही घेऊ नये. वाजवून झाल्यावर तळहातावर हलके आपटून ओल काढावी.

शेवटी घरातल्या मोठ्या माणसांशी दोन शब्द. परीक्षेचे गुण दिसतात, पगाराचा आकडा दिसतो. जीभ तोंडात कुठे पोचली ते कोणाला दिसत नाही. शिकणाऱ्यालाही दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येते, आणि पहिले कित्येक आठवडे जे ऐकू येते ते वाईटच असते. नेमक्या त्याच दिवसांत घरातून "बंद कर ते" असे आले, की मूल बाजा ठेवून देते आणि आपल्याला जमत नाही असे कायमचे मनाशी धरते. मुलगी असेल तर आणखी लवकर धरते, कारण तिच्या हातात दुसरे काम द्यायला सगळे टपलेलेच असतात. तेव्हा घरात वेळ ठरवून द्या. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. तेवढा वेळ टीव्ही बंद राहील आणि भांडीही वाट पाहतील. जागा नसेल तर माळ आहे, विहाराचे अंगण आहे, गच्ची आहे. आणि दहाव्या-पंधराव्या दिवशी आवाज गुदमरू लागला, तर रागावू नका. काम पुढे सरकले आहे असे समजा, आणि मुलालाही तसे सांगा.